रिंगणातलं गाव

आर्लच्या ॲम्फिथिएटरमध्ये माणसं खेळ बघायला येत होती ती चारेकशे वर्षं. त्यानंतर तिथे माणसं राहिली ती हजाराहून अधिक वर्षं. चुली पेटल्या, बाळंतपणं झाली, भिंतीला भिंत लावून घरं उठली, दोन छोटी चर्चं उभी राहिली. दक्षिण फ्रान्समधल्या या इमारतीत आज तिकीट काढून शिरलं की पहिल्या चारशे वर्षांची माहिती भरभरून मिळते. नंतरच्या हजार वर्षांची बोळवण मात्र एकदोन वाक्यांत होते. मला ही वाटणी अन्यायाची वाटते. इमारत आज आपल्याला दिसते, ती बऱ्याच अंशी त्या राहणाऱ्यांमुळे.

पण सुरुवात नदीपासून करायला हवी, कारण आर्ल हे आधी बंदर आहे आणि मग बाकी सगळं. रोन नदी स्वित्झर्लंडमधून निघते, फ्रान्सचा आग्नेय भाग चिरत खाली येते आणि आर्लच्या किंचित वर दुभंगते. तिच्या दोन फाट्यांमधला प्रदेश म्हणजे कामार्ग. पाणथळ जमीन, मिठागरं, भातशेती, पांढरे घोडे आणि काळे बैल. समुद्रातून आलेला माल इथे उतरायचा आणि नदीतून उत्तरेकडे गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, पोटात जायचा. इ.स.पू. ४९ मध्ये ज्युलियस सीझर आणि पाँपी यांच्यात यादवी पेटली, तेव्हा शेजारच्या मासिलियाने, म्हणजे आजच्या मार्सेयने, पाँपीची बाजू घेतली. सीझरने आर्लच्या गोदीत बारा लढाऊ जहाजं बांधायला सांगितली. झाड तोडल्यापासून तीस दिवसांत ती तयार झाली, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. मासिलिया हरलं, त्याच्या ताब्यातला बराच मुलूख गेला आणि आर्लचं भाग्य उघडलं. इ.स.पू. ४६ मध्ये सहाव्या लीजनमधल्या निवृत्त सैनिकांना इथे जमिनी देऊन रोमन वसाहत स्थापन झाली.

निवृत्त सैनिकांच्या या गावाने पुढच्या दीडशे वर्षांत रोमचा सगळा संसार स्वतःपुरता मांडला. फोरम, दहा हजार माणसं बसतील एवढं नाट्यगृह, आणि इ.स. ९० च्या सुमारास ॲम्फिथिएटर. रोममधलं कोलोसियम इ.स. ८० मध्ये खुलं झालं होतं. म्हणजे राजधानीतली गोष्ट दहाएक वर्षांत प्रांतात पोहोचली. साधारण तीस किलोमीटरवरच्या निम शहरातही त्याच सुमारास जवळजवळ जुळं वाटावं असं ॲम्फिथिएटर बांधलं गेलं. दोन शेजारी गावांमधली चढाओढ इतकी जुनी आहे आणि अजून मिटलेली नाही.

इमारत लंबगोल आहे. लांबी सुमारे १३६ मीटर, रुंदी सुमारे १०७. बाहेरून कमानींचे दोन मजले, प्रत्येक मजल्यावर साठ कमानी. त्यावर आणखी एक थर होता, ज्यावर रोवलेल्या खांबांवरून प्रेक्षकांच्या डोक्यावर कापडाचं छत ताणत. तो थर आता नाही. आत चौतीस ओळींची बैठक आणि वीसेक हजार माणसांची सोय. मानकरी सगळ्यात खाली, रिंगणाला लागून, आणि वर वर जावं तसा दर्जा उतरत जाई. रिंगणाकडून बाहेरच्या भिंतीकडे चक्राच्या आऱ्यांसारख्या आडव्या भिंती जातात आणि त्यांच्यामधून जिने चढतात. एवढी गर्दी थोड्या वेळात आत घ्यायची आणि बाहेर काढायची, शिवाय वरच्या माणसाची आणि खालच्या माणसाची वाट एक होऊ द्यायची नाही, हे दोन्ही हिशेब त्या जिन्यांत बसवलेले आहेत.

तळमजल्याच्या गोल वाटेवरून चालताना वर बघावं. रोमन इमारतीत तिथे अर्धगोल कमानछत अपेक्षित असतं. आर्लमध्ये मात्र दगडाच्या प्रचंड सपाट फरशा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाकलेल्या आहेत. ही पद्धत ग्रीक बांधकामाच्या वळणाची, आणि ग्रीकांनी वसवलेलं मासिलिया इथून फार लांब नव्हतं. दगड जवळच्या फाँव्हिएयच्या खाणींकडचा, फिकट, शिंपल्यांनी भरलेला चुनखडक. खांबावर हात टेकला की तळव्याला खडबडीत कडा टोचतात. नीट बघितलं की कळतं, ती समुद्री शिंपल्यांची अर्धी-मुर्धी कवचं आहेत, कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता तेव्हाची. जिथे हजारो हात घासले गेले, त्या जिन्याच्या वळणांवर शिंपले गुळगुळीत झाले आहेत. हाताच्या उंचीच्या वर ते अजून धारदार आहेत.

रिंगणाभोवतीची भिंत आज डोक्यावरून खूप उंच जाते, कारण मूळ जमीन तिथे नाही. खेळ व्हायचे ते लाकडी तक्तपोशीवर, आजच्या वाळूच्या सुमारे दोन मीटर वर. तिच्याखाली सामान, पिंजरे आणि माणसांची ये-जा. या भिंतीवर एका शिलालेखाचे तुकडे आहेत. गायुस युनियुस प्रिस्कुस हा नगरातल्या वरिष्ठ पदाचा उमेदवार. त्याने पदरच्या पैशाने ही भिंत आणि तिचे दरवाजे करून दिले, शिवाय नेपच्यूनची चांदीची मूर्ती आणि चार काशाच्या मूर्ती दिल्या, दोन दिवसांचे खेळ लावले आणि जेवणावळ घातली. समुद्रदेवाची मूर्ती का, ते बंदराच्या गावात कुणाला विचारायला नको. ती चांदी कधीच कुठे तरी वितळून गेली असणार. पण त्याच देवाची, ग्रीक नावाने पोसायडनची, वीतभरापेक्षा लहान काशाची मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडातून ती १९४० च्या दशकात रोमन भांड्यांबरोबर बाहेर आली. एकाच भूमध्य समुद्राच्या व्यापाराचं एक टोक रोनच्या काठावर होतं आणि दुसरं सातवाहनांच्या मुलखात. हे माझं कल्पनारंजन नाही. इ.स. ४१८ मध्ये सम्राट होनोरियसने आर्लला सात प्रांतांच्या वार्षिक सभेचं ठिकाण केलं, त्या फर्मानात पूर्वेकडची संपत्ती आणि अरबस्तानची सुगंधी द्रव्यं या गावात येतात, असं कौतुकाने नोंदवलेलं आहे.

या खेळांबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. रिंगणात ग्लॅडिएटर लढत, जनावरांच्या शिकारी होत, आणि शिक्षा झालेल्या माणसांना लोकांसमोर मारलं जाई. प्रिस्कुसने जेवणावळ घातली ती या मरणाच्या जोडीला. शिल्पाच्या भव्यतेने डोळे दिपतात तेव्हा हे मुद्दाम आठवावं लागतं.

एवढ्या बंदराची गरज कशी भागत होती, ते आर्लच्या बाहेर, आल्पीय टेकड्यांच्या पायथ्याशी बार्बेगालला बघायला मिळतं. कालव्याचं पाणी खडकातल्या खाचेतून टेकडीच्या कडेला आणलेलं आणि उतारावर आठ-आठच्या दोन रांगांत सोळा पाणचक्क्या. एका चाकावरून पडलेलं पाणी खालचं चाक फिरवतं, तिथून त्याच्या खालचं. इ.स. दुसऱ्या शतकातलं हे काम. लाकूड कधीच कुजून गेलं, पण त्यावर साचलेल्या चुन्याच्या पुटाचे तुकडे उरले. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्या पुटांचे थर तपासले, तेव्हा दिसलं की चक्क्या दरवर्षी काही महिने बंद राहत. त्यावरून त्यांनी असा अंदाज बांधला की इथलं पीठ बंदरातल्या जहाजांवरच्या टिकाऊ बिस्किटांसाठी जात असावं. समुद्र खवळलेला असताना जहाजं निघत नाहीत, मग साठा कशाला करायचा? चुन्याच्या पुटातून बंदराचं वेळापत्रक निघावं, हे मला कुठल्याही सम्राटाच्या पुतळ्यापेक्षा मोलाचं वाटतं.

पुतळेही नदीने दिले. २००७ मध्ये रोनच्या तळातून संगमरवरी मस्तक वर आलं. ते सीझरचं, तो जिवंत असताना घडवलेलं, असं शोधणाऱ्यांचं म्हणणं. इतर अनेक अभ्यासकांना ते पटलेलं नाही. मला जास्त ओढ लागली ती २००४ मध्ये सापडलेल्या नावेची. सपाट बुडाची, एकतीस मीटर लांब, पहिल्या शतकात मालासकट बुडालेली. माल कुठला? बांधकामाचा दगड. २०११ मध्ये ती तुकड्या-तुकड्यांत वर काढली आणि २०१३ पासून आर्लच्या पुरातन वस्तुसंग्रहालयात संबंध मांडलेली आहे. मोठाल्या इमारती उभ्या राहत असताना नदीतून काय चाललं होतं, ते त्या नावेच्या पोटात जसंच्या तसं आहे.

सम्राट कॉन्स्टंटाईन या गावात राहिला, ३१४ मध्ये इथे बिशपांची मोठी परिषद भरली, गॉलचा सगळा कारभार पुढे इथून चालू लागला. मग साम्राज्याचा जोर ओसरला. ४७६ च्या आसपास व्हिसिगॉथांनी आर्ल घेतलं, पुढे फ्रँक आले. सहाव्या शतकात बिशप सीझेरियस प्रवचनांतून लोकांना तमाशांपासून दूर राहायला बजावत होता, म्हणजे ओढ अजून सुटलेली नव्हती. पण खेळ भरवायला पैसा लागतो आणि तो देणारे प्रिस्कुस उरले नव्हते. आठव्या शतकात अरब आणि फ्रँक सैन्यांच्या लढायांत गाव सापडलं. रोमन तट गावाच्या मानाने फार मोठा झाला होता. आणि टेकडीवर, अगदी हाताशी, एक जाडजूड दगडी कडं उभंच होतं.

लोक आत गेले. बाहेरच्या कमानी चिणून टाकल्या, भिंतीवर चार मनोरे चढवले आणि ॲम्फिथिएटरचा किल्ला झाला. पन्हाळ्याच्या तटाआड जसं आजही गाव नांदतं, तसं इथे नांदू लागलं. रिंगणाच्या मध्ये चौक, भोवती गल्ल्या, प्रेक्षकांच्या बैठकांवर घरं, कमानीच्या पोकळीत घरं, कमानीच्या माथ्यावर घरं. शेवटी मोजदाद झाली तेव्हा २१२ घरं आणि दोन चर्चं भरली. अठराव्या शतकातलं एक कोरीव चित्र आहे. लंबगोलाच्या आत कौलारू छपरांची इतकी दाटी, की रिंगण ओळखू येत नाही. बाहेरच्या कमानींना खिडक्या फुटल्या आहेत, धुराडी वर आली आहेत, मनोरे राखणदारासारखे उभे आहेत. त्या चित्रासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. रोमन इमारतीचं इतकं जिवंत चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

या लोकांनी इमारतीची नासधूस केली, असं म्हणायची पद्धत आहे. केलीच. सगळ्यात वरचा थर गेला, बैठका उखडल्या, कोरीव दगड पायात गेले. पण शेजारच्या नाट्यगृहाचं काय झालं ते बघा. तिथे कुणी किल्ला केला नाही. ते गावाची दगडखाण झालं. रंगमंचामागच्या प्रचंड भिंतीतले दोन खांब तेवढे उरले, ज्यांना गावात ‘दोन विधवा’ म्हणतात. १६५१ मध्ये तिथे खणताना व्हीनसची मूर्ती सापडली, तीही पुढे चौदाव्या लुईला नजर केली गेली आणि आज पॅरिसमध्ये लूव्हरमध्ये आहे. रथांच्या शर्यतींचं मैदान तर नावापुरतं राहिलं. त्याच्या मधोमध उभा असलेला ग्रॅनाइटचा स्तंभ १६७६ मध्ये नगरपालिकेसमोरच्या चौकात नेऊन रोवला, म्हणून तो वाचला. ॲम्फिथिएटरच्या कमानी मात्र जागेवर राहिल्या. ज्या भिंतीला आपलं घर टेकलेलं आहे, तिचा दगड कुणी काढून नेऊ देत नाही.

शतकं सरली तशी सुरक्षेची गरज संपली, सुखवस्तू लोक बाहेर पडले आणि रिंगणात गरिबांची वस्ती राहिली. नेमक्या त्याच काळात युरोपातल्या शिकल्या-सवरल्यांना रोमचं वेड लागलं. शुद्ध रोम, मधली शतकं खरवडून काढलेलं. निममध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस घरं पाडायला सुरुवात झाली होती. आर्लमध्ये बॅरन द शार्त्रूझ हे महापौर असताना १८२५ मध्ये काम जोरात सुरू झालं. घरं एकेक करून ताब्यात घेतली, पाडली, राडारोडा उपसला. पाच वर्षांत हजार वर्षांचं गाव नाहीसं झालं. १८३० मध्ये फ्रेंच सैन्याने अल्जियर्स घेतलं, त्याच्या जल्लोषासाठी मोकळ्या झालेल्या रिंगणात बैलांचा खेळ लावला. दुसऱ्याचं शहर जिंकल्याचा आनंद, आपल्याच माणसांची घरं उठवलेल्या जागेवर. मला त्या दिवसाबद्दल अभिमानाने लिहिलेलं वाचवत नाही. पुढे लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांच्या पुढाकाराने १८४० मध्ये फ्रान्सच्या संरक्षित वास्तूंची पहिली यादी झाली, तिच्यात आर्लचं ॲम्फिथिएटर आलं, आणि १९८१ मध्ये जागतिक वारशातही. संरक्षण मिळालं ते रिकाम्या इमारतीला.

हे असंच व्हायला हवं होतं, दुसरा मार्ग नव्हता, असं कुणी म्हणेल. इटलीतल्या लुक्का गावातही रोमन ॲम्फिथिएटरवर घरं चढली होती. तिथे १८३० च्याच सुमारास वास्तुकार लोरेंझो नोत्तोलिनी यांनी मधली बांधकामं हटवून लंबगोल चौक केला आणि कडेची घरं राहू दिली. आज त्या चौकात रोमन बैठकींच्या जागी माणसं राहतात, खिडक्यांत कपडे वाळतात. रोमन भिंत घरांच्या पाठीला चिकटलेली आहे. लुक्काचं ॲम्फिथिएटर आर्लइतकं शाबूत नव्हतं, हे खरं. त्यामुळे तुलना पुरी जुळत नाही. पण माणसं ठेवून चौक मोकळा करता येतो, हे त्याच काळात कुणाला तरी सुचलं होतं.

आर्लमध्ये त्या गावाची सगळ्यात ठळक खूण म्हणजे तीन मनोरे. चौथा गेला. एका मनोऱ्यावर चढता येतं. वरून गावाची सगळी मांडणी कळते. एका बाजूला रोनचं वळण, खाली एकमेकांत घुसलेली लाल-तपकिरी कौलं, लांब मोंमाजूरच्या मठाचा चौकोनी मनोरा, त्यामागे आल्पीयच्या पांढुरक्या टेकड्या, दक्षिणेला कामार्गची सपाटी. नजर परत आत वळवली की पोटात खड्डा पडावा तसं ते पिवळं रिकामं रिंगण दिसतं, आणि रोमन बैठकांवर चढवलेले धातूचे बाक.

हे बाक खेळांसाठी आहेत, कारण ही इमारत पुन्हा कामाला लागलेली आहे. ईस्टरला आणि सप्टेंबरात भाताच्या हंगामातल्या उत्सवात इथे स्पॅनिश पद्धतीची बैलझुंज होते, ज्यात बैल मारला जातो. मी ती बघणार नाही. पण कामार्गचा स्वतःचा खेळ वेगळा आहे आणि तो आवर्जून बघावा. काळा, अंगाने हलका, वर वळलेल्या शिंगांचा बैल. शिंगांच्या मध्ये बांधलेली लाल फीत, शिंगांना दोरे आणि लोकरीचे गोंडे. पांढऱ्या कपड्यांतली पोरं हातात छोटी आकडी घेऊन धावतात, बैलाच्या तोंडासमोरून तिरपी जातात, क्षणार्धात फीत किंवा गोंडा ओढतात आणि लाकडी कठड्यावरून पलीकडे उडी मारतात. कधी कधी बैलही मागोमाग उडी मारतो. पंधरा मिनिटं झाली की बैल परत जातो, पुढच्या हंगामात पुन्हा येतो. खेळ चालू असताना लाउडस्पीकरवरून बक्षिसाची रक्कम वाढवत नेतात. जाहिरातीत बैलाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. त्याने चांगला पाठलाग केला की त्याच्यासाठी ‘कारमेन’ या ऑपेरातली धून वाजते. ल सांग्लिए नावाच्या एका गाजलेल्या बैलाची तर ल कायलार या गावात समाधी आहे.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग फेब्रुवारी १८८८ मध्ये आर्लला आला. त्या वर्षाच्या शेवटी त्याने या रिंगणाचं चित्र काढलं, जे आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. बैल लांब, जवळजवळ नगण्य. चित्र भरलंय ते माणसांनी, पाठमोरी, वळलेली, एकमेकांशी बोलणारी. चित्रकार गोगँबरोबर त्याने चित्रं काढली ती आलिस्कांची. गावाबाहेरचं रोमन स्मशान, जिथे पुरलं जावं म्हणून मध्ययुगात लोक लांबून प्रेतं पाठवत. आज तिथे दगडी शवपेट्यांची एक झाडांखालची वाट उरली आहे. चांगल्या पेट्या राजेरजवाड्यांना भेट गेल्या आणि एकोणिसाव्या शतकात उरलेल्या जमिनीत रेल्वे आणि तिचे कारखाने घुसले. ते कारखाने १९८४ मध्ये बंद पडले. या वेळी मात्र गावाने जमीन खरवडली नाही. जुन्या शेड दुरुस्त करून तिथे प्रदर्शनं भरतात, आणि त्यांच्या शेजारी २०२१ मध्ये वास्तुकार फ्रँक गेरी यांचा चकचकीत पोलादी मनोरा उघडला. त्याच्या बुडाशी काचेचा मोठा गोल आहे, ॲम्फिथिएटरवरून सुचलेला.

कारखान्यातल्या कामगारांची आठवण ज्या गावाने जपली, त्या गावाने २१२ घरांसाठीही थोडं करावं. रिंगणात गल्ल्यांच्या खुणा आखता येणार नाहीत, तिथे बैल धावतात. पण वरच्या मजल्यावरची गोल वाट मोकळी असते. तिथे एकेका कमानीखाली, त्या कमानीत कुठलं घर होतं, कुणाचं होतं, ते कधी पाडलं, एवढी नोंद लावता येईल. जिथे नाव सापडणार नाही तिथे नुसती घराची जागा दाखवावी. कमानी साठ आहेत. जागा पुरेल.